पेट्रोलचे पाठभेद

मराठी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आयुष्यात निष्ठेचे प्रसंग थोडे येतात, आणि जे येतात त्यांतील बहुतेकांचा निकाल त्याच्या जन्मापूर्वी किंवा त्याच्या विवाहानंतर परस्पर लागलेला असतो. कुलदैवत वडिलांकडून मिळते, डॉक्टर आईच्या शब्दावरून ठरतो, चहाची पूड पत्नी ठरवते आणि मुलांची शाळा शेजारी ठरवतात. मात्र कोणाचाही सल्ला न घेता, स्वतःच्या अनुभवाच्या आणि स्वतःच्या खिशाच्या साक्षीने जी एक निष्ठा तो स्वतंत्रपणे पत्करतो, आणि घरातील वाटणी, वाहनाची अदलाबदल किंवा खुद्द पंपमालकाचे निधन यांपैकी कशानेही जी ढळू देत नाही, ती निष्ठा म्हणजे पेट्रोल पंपावरची. ‘आपण नेहमी पुलाजवळच्याच पंपावर भरतो,’ हे वाक्य तो ज्या स्वरात उच्चारतो, त्या स्वरात त्याने आपल्या पक्षाचे किंवा पंथाचेही नाव कधी घेतलेले नसते, आणि ‘का?’ असे विचारण्याचा अविचार कोणी केलाच, तर मान किंचित तिरकी होते, आवाज खाली येतो आणि उत्तर येते, ‘तिथलं पेट्रोल चांगलं असतं.’

चांगले म्हणजे काय, हे विचारण्यात अर्थ नाही. भाजी पाहून घेता येते, तांदूळ हातावर घेऊन पारखता येतो, कापड चुरगळून पाहता येते. पेट्रोल मात्र जमिनीखालच्या टाकीतून नळीत आणि नळीतून वाहनाच्या टाकीत इतक्या पडदानशीन रीतीने जाते, की ज्याची किंमत ग्राहकाला दोन दशांश स्थळांपर्यंत तोंडपाठ असते, त्या पदार्थाचे दर्शन त्याला वर्षानुवर्षे होत नाही. अदृश्य वस्तूच्या ठायी श्रद्धा लवकर उपजते आणि श्रद्धा उपजली की संप्रदाय निर्माण व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा एकाच द्रवाचे गावागणिक, पंपागणिक आणि नोझलगणिक इतके पाठभेद प्रचारात असावेत, यात नवल नाही.

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त अव्वल कारकून हे या विषयातील भाष्यकार आहेत. उभी हयात सातबारा, फेरफार आणि पैसेवारी यांच्या सहवासात गेल्यामुळे, कागदावर आली ती गोष्ट खरी आणि न आली ती संशयास्पद, ही वृत्ती त्यांच्या हाडीमाशी मुरलेली आहे. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक लांबट वही असते. तिच्यात तारीख, पंप, रुपये, लिटर, किलोमीटरचा काटा आणि ‘ॲव्हरेज’ असे रकाने आखलेले असून अखेरचा रकाना ‘शेरा’ या शीर्षकाचा आहे. या वहीच्या आधारे ते छातीठोकपणे सांगतात, की पुलाजवळचे पेट्रोल लिटरला ४८ देते आणि एसटी स्टँडसमोरचे ४४. या दोन आकड्यांच्या दरम्यान चाकांतील हवा, वाटेतील चढ, सिग्नलवरचा खोळंबा आणि पायाशी कधी असलेली व कधी नसलेली गव्हाची गोणी यांनीही काही कामगिरी बजावली असेल, ही शंका नोंदवण्यास त्या वहीत रकाना नाही.

पेट्रोलविषयक संप्रदायांत पहिला मान अर्थातच कंपनीनिष्ठांचा. अमुक कंपनीचे पेट्रोल ‘पातळ’, तमुक कंपनीचे ‘दमदार’, असा यांचा सिद्धान्त असतो, आणि आपल्या कंपनीचा पंप येईतो रिझर्व्हवर चाललेली मोटारसायकल उन्हात ढकलत नेण्याची त्यांची तयारी असते. वस्तुस्थिती अशी, की देशात विकल्या जाणाऱ्या साध्या पेट्रोलला कंपनी कोणतीही असली तरी तेच भारतीय मानक लागू आहे. आणि तिन्ही सरकारी कंपन्या दूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून टँकर आणण्याचा खर्च वाचवण्यासाठी एकमेकींच्या कारखान्यांतून आणि डेपोंतून राजरोस माल उचलतात. मुंबईत माहुलला १९५० च्या दशकात परदेशी कंपन्यांनी उभारलेले दोन कारखाने शेजारी शेजारी आहेत. पुढे १९७० च्या दशकात सरकारने त्या कंपन्या ताब्यात घेतल्या, एकीची भारत पेट्रोलियम झाली आणि दुसरीची हिंदुस्थान पेट्रोलियम. नावे बदलली, पाट्यांचे रंग बदलले, पण लोणी काळभोरला किंवा मनमाडजवळ पानेवाडीला निरनिराळ्या रंगांचे टँकर लागलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला या संप्रदायाचे तत्त्वज्ञान समजणे कठीण जाते. एकाच आडाचे पाणी चार घरच्या हंड्यांत भरावे आणि मग कोणाच्या हंड्यातले गोड, यावर गावकीत वाद व्हावा, तशातला हा प्रकार आहे.

दुसरा संप्रदाय कालनिष्ठांचा. पेट्रोल पहाटे भरावे, असे यांचे व्रत असते, कारण गारव्याने ते आकसलेले असते आणि तितक्याच लिटरमध्ये अधिक माल पदरात पडतो. या मताला शास्त्राचा आधार आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. पेट्रोल उष्णतेने फुगते, हे खरे. दर अंश सेल्सिअसला ते हजारात सुमारे एक भाग वाढते. म्हणजे पहाट आणि दुपार यांत दहा अंशांचे अंतर पडले, तर शंभर रुपयांच्या खरेदीत रुपयाभराचा लाभ व्हावा. पण पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते आणि तिला वर पहाट झाली की दुपार, याची वार्ता क्वचितच पोहोचते. त्यामुळे व्रतस्थाच्या पदरी झोपमोडीखेरीज विशेष काही पडत नाही. तथापि व्रताचे फळ हिशेबाने मोजू नये, हा दंडक असल्यामुळे हा संप्रदाय आजही भरभराटीस आहे.

तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा संप्रदाय अंकनिष्ठांचा. यांचा विश्वास असा, की यंत्रात शंभर, दोनशे आणि पाचशे या ठरीव रकमांच्या कळांशीच काहीतरी संधान बांधलेले असते. म्हणून शंभराऐवजी ११०, दोनशेऐवजी २१०, आणि अधिक चाणाक्ष असल्यास ५१७ रुपयांचे पेट्रोल मागावे, म्हणजे यंत्र गोंधळते आणि गोंधळात खरे बोलून जाते. पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला अनपेक्षित प्रश्न विचारणाऱ्या वकिलाचा आनंद रोज सकाळी या मंडळींच्या मुखावर पाहावा. दुर्दैवाने ही युक्ती एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने सर्व गावाला गुप्तपणे सांगितल्यामुळे पंपावरच्या पोरांचे बोट आता शंभरापेक्षा ११० वरच सरावाने पडते. ज्याला यंत्राला खरोखर चकित करायचे असेल, त्याने सरळ शंभर रुपयांचे मागावे, अशी वेळ आली आहे.

या तिन्ही संप्रदायांचे कर्मकांड मात्र समान आहे. ‘काका, झिरो बघा,’ असा मंत्र पंपावरून उच्चारला जातो आणि यजमानाने काट्याकडे पाहून ‘हं’ म्हणायचे असते. तो ‘हं’ म्हणतो खरा, पण नेमक्या त्याच क्षणी दुसरा मुलगा ‘कॅश की स्कॅन?’ असे विचारतो, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवतो, खिशातला मोबाईल सापडत नाही. आणि पुन्हा वर पाहावे तो आकडे ६० च्या पुढे धावत असतात. मग पूर्णाहुती म्हणून गाडी डावीकडे-उजवीकडे हलवायची, नोझल उंच धरवून ‘झटक, झटक’ म्हणायचे आणि अखेरचे दोन थेंब टाकीत पडल्याची खातरजमा करून, आपली फसवणूक झालेली आहे या पूर्ण समाधानाने घरी जायचे.

याच मंडळींपैकी काही जण दसऱ्याला किंवा लांबच्या प्रवासाआधी वाहनाला ‘प्रीमियम’ पेट्रोल पाजतात. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक भारतात वर्षानुवर्षे ९१ मानला गेला, महागड्या प्रकारांचा ९५, आणि २०२० च्या अखेरीस तर चक्क १०० अंकाचे पेट्रोल बाजारात आले. हा अंक म्हणजे ताकद, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तो सहनशीलतेचा अंक आहे; इंजिनात दाब वाढला तरी पेट्रोलने आपणहून भडका घेऊ नये, इतकेच तो सांगतो. ज्या इंजिनात तो दाबच नाही, अशा घरच्या स्कूटरला या सहनशीलतेचा उपयोग तो काय? तरीही प्रीमियम भरल्यावर गाडी ‘एकदम स्मूथ’ चालते, असे शपथेवर सांगणारे भेटतात. अधिक पैसे मोजल्यावर गाडी स्मूथ चालली नाही, असे सांगणारा मात्र अद्याप भेटलेला नाही.

दर्जाच्या बाबतीत इतके सूक्ष्मदर्शी असणारे हे लोक दराच्या बाबतीत मात्र पराकोटीचे सोशिक असतात. पूर्वी महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला, मध्यरात्रीपासून नवे दर अमलात येत, आणि आदल्या रात्री दरवाढीची बातमी फुटली की जेवणे अर्धवट टाकून सारा गाव पंपावर लोटत असे. दीड-दोन रुपये लिटरमागे वाचवण्यासाठी पाऊण तास रांगेत उभे राहायचे, गाडी बंद-चालू करीत चार हात पुढे सरकायचे, पाच लिटरांत आठ रुपये वाचवायचे आणि परतताना त्या आनंदात सहकुटुंब वीस रुपयांचे कुल्फी-आइसक्रीम खायचे, असा तो लोकोत्सव होता. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला दर बदलण्याची पद्धत सुरू झाली आणि हा उत्सव बुडाला. वाढ रुपयांऐवजी पैशांनी येऊ लागली, आणि पैशांनी आलेल्या संकटासाठी जेवण टाकून कोण उठणार?

या रोज बदलणाऱ्या दराची थोरवी त्याच्या न बदलण्यात आहे. २०१८ साली कर्नाटकाच्या निवडणुकीपूर्वी तो १९ दिवस स्तब्ध राहिला; नोव्हेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे उत्तर प्रदेशाचा निकाल लागून जाईतो, १३७ दिवस जागचा हलला नाही; आणि एप्रिल २०२२ नंतर तर करांतील बदल सोडले, तर मार्च २०२४ पर्यंत जवळजवळ दोन वर्षे तो समाधिस्थ होता. आंतरराष्ट्रीय बाजारात कच्चे तेल या काळात खाली-वर होत होते; पण खनिज तेलालाही आचारसंहिता लागू होते, हा शोध जगाला आपल्याकडून मिळाला आहे.

दर काळाने बदलतो, त्याहून अधिक तो नकाशाने बदलतो. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही म्हण परभणीकरांनी अनेक अर्थांनी खरी करून दाखवली असेल, पण पेट्रोलच्या पाटीने ती पैशांच्या हिशेबात सिद्ध केली. पानेवाडीच्या डेपोपासून सुमारे तीनशे किलोमीटर टँकर धावतो आणि त्याचे भाडे लिटरालिटरावर चढते, म्हणून देशातील महाग पेट्रोलच्या यादीत परभणीचे नाव वारंवार अग्रभागी झळकत आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने प्रथम शंभरी गाठण्याचा मान मात्र राजस्थानातील श्रीगंगानगरने पटकावला, आणि परभणीच्या हातचे एक राष्ट्रीय पदक गेले. त्याच सुमारास मध्य प्रदेशात काही जुन्या यंत्रांना दराचा तिसरा अंक दाखवता येईना. त्यांच्या कर्त्यांची कल्पनाशक्ती ९९ रुपये ९९ पैशांवर संपलेली होती. मुंबईने शंभरी ओलांडली ती २९ मे रोजी, आणि मुंबईकर नेहमीप्रमाणे कामावर गेला.

भाड्याहून मोठी करामत कराची. २०१५ साली राज्यात दुष्काळ पडला म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपयांचा अधिभार बसवण्यात आला. पुढच्या वर्षी मराठवाड्यात पाऊस आला, धरणे भरली, नद्या वाहिल्या. अधिभार मात्र कोरडाच राहिला आणि म्हणून हटला नाही. मग २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांच्या कडेची मद्याची दुकाने बंद झाली. खजिन्यात खड्डा पडला आणि तो बुजवण्यासाठी पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. ज्यांनी आयुष्यात चहापलीकडे पेय शिवले नाही, अशा आमच्या अव्वल कारकुनांनी, इतरांना प्यायला न मिळालेल्या दारूचे पैसे लिटरामागे तीन रुपये या दराने सरकारजमा केले, आणि वहीतल्या ‘शेरा’ या रकान्यात त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. पुलाजवळच्या आणि स्टँडसमोरच्या पंपांतील कल्पित चार किलोमीटरांसाठी ज्यांनी वही घातली, त्यांनी या तीन रुपयांसाठी साधा अर्जही लिहू नये, हे मराठी मनाचे एक कोडे आहे.

सीमेवरच्या लोकांना मात्र हे कोडे पडत नाही. ते सरळ सीमा ओलांडतात. एप्रिल २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या नव्या सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर, म्हणजे ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरामागे सुमारे ११ रुपये उतरले. सावंतवाडी-बांद्याकडच्या मंडळींना पत्रादेवीपलीकडच्या देवस्थानांची, आप्तांची आणि रखडलेल्या सोयरिकींची एकाएकी आठवण होऊ लागली, ती त्यानंतर. गोव्यातून परतताना इन्सुलीच्या नाक्यावर पिशव्या आणि डिक्या उघडून एका विशिष्ट द्रवाची झडती होते, हे कोकणात शेंबडे पोरही जाणते. पण करमुक्त द्रव ज्या टाकीत काठोकाठ भरलेला असे, तिचे झाकण उघडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. हे सुख फार काळ टिकले नाही. गोव्याच्या खजिन्यालाही खड्डे असतात, आणि कर हळूहळू पुन्हा वर चढला.

महामार्गावरून हद्दपार झालेल्या त्या मद्याचे पुढे काय झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. ते वाहनाच्या टाकीत आले. उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली देशभर २० टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले. मूळ मुदत २०३० ची होती, आणि सरकारी काम मुदतीपूर्वी पुरे झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला यात अभिमान वाटावा, हे योग्यच. आज चालकाच्या तोंडाला यंत्र लावून त्याच्या पोटातील मद्यार्क मोजला जातो आणि तो ज्या वाहनावर बसलेला असतो, ते वाहन सरकारी प्रोत्साहनाने पाचाला एक या प्रमाणात घेऊन उभे असते. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणार, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही मान्य केलेले होते. दुचाकींच्या बाबतीत तीन-चार टक्के, आणि जुन्या घडणीच्या मोटारींच्या बाबतीत सहा-सात टक्के. आमच्या शेजाऱ्यांच्या वहीतही ४८ चे ४६ झाले. त्यांनी सर्व नोंदी पुन्हा तपासल्या, बेरजा पडताळल्या, आणि निदान केले ते असे, की पुलाजवळच्या पंपाचा कारभार आता मालकाच्या मुलाकडे गेला आहे.

वास्तविक पंपापंपांत भेद नाही, असे मुळीच नाही. पण तो पाटीच्या रंगात नसतो. जमिनीखालची टाकी वेळच्या वेळी तपासली जाते की नाही, पावसाळ्यात तिच्यात पाणी झिरपते की नाही, हा पहिला भेद. साधे पेट्रोल पाण्यापासून अलिप्त राहते. पण इथेनॉल पाण्याला जवळ करते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की त्याच्यासह तळाशी जाऊन बसते. मग आषाढातल्या एखाद्या सकाळी पन्नास गाड्या एकाच गॅरेजच्या दारात उभ्या दिसतात. दुसरा भेद मापाचा. २०१७ साली उत्तर प्रदेशच्या विशेष पोलीस पथकाने लखनौमध्ये पंपांच्या यंत्रांत बसवलेल्या चिप पकडल्या, आणि लगोलग ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी छापे घातले. म्हणजे यंत्राविषयी संशय घेणारा अंकनिष्ठ अगदीच वेडा नव्हता, त्याचा उपाय तेवढा वेडा होता. तिसरा भेद भेसळीचा, आणि येथे विनोद थांबवावा लागतो. शिधापत्रिकेवरच्या रॉकेलला सरकारने निळा रंग दिला, तरी त्याची इंधनात मिसळ थांबली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ भेसळीचा धंदा स्वतः पकडला, आणि त्या टोळीने त्यांना भर दिवसा जिवंत जाळले. पेट्रोलची तपासणी हे आपल्या राज्यात एका अधिकाऱ्याने जीव देऊन केलेले काम आहे.

त्या मानाने सामान्य ग्राहकाकडून फारच थोडी अपेक्षा आहे. त्याला कोणत्याही पंपावर विनामूल्य फिल्टर पेपर मागता येतो. नोझल पुसून त्या कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा, दोन मिनिटांत तो उडून जावा आणि मागे डाग राहू नये. राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. फलकावर जो ‘डेन्सिटी’ नावाचा आकडा लिहिलेला असतो आणि ज्याकडे पाहून आजवर कोणी ‘हं’ देखील म्हटलेले नाही, तो पेट्रोलच्या बाबतीत ७२० ते ७७५ यांच्या दरम्यान असावा लागतो; १५ अंश तापमानाला धरून काढलेली ती घनता सकाळी नोंदलेल्या आकड्याशी तीनच्या फरकात जुळली पाहिजे, आणि ग्राहकाने मागितल्यास काचेचे नळकांडे व हायड्रोमीटर आणून ती दाखवली पाहिजे. मापाबद्दल शंका असेल, तर वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागवावे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तूट क्षम्य, त्यापुढची गुन्हा. शिवाय चाकात फुकट हवा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची पेटी आणि तक्रार-वही. एवढ्या सनदा शिवकाळात एखाद्या देशमुखालाही एकदम मिळाल्या नसत्या.

या सनदांचा अंमल करून पाहण्याचे धाडस आमच्या अव्वल कारकुनांनी अलीकडे केले. स्टँडसमोरच्या पंपावर त्यांनी पाच लिटरचे माप मागितले. प्रथम ‘काका, मॅनेजर जेवायला गेलेत’ असे उत्तर आले, तेव्हा ते थांबले. मग ‘माप आत कपाटात आहे’ असे आले, तेव्हाही ते थांबले. कचेरीतल्या माणसाला थांबण्याची सवय असते आणि थांबवण्याचीही. मागच्या रांगेत प्रथम कुजबुज झाली, मग भोंगे वाजले, मग ‘अहो काका, पाच रुपयांसाठी किती वेळ?’ असे एक तरुण म्हणाला. ग्राहकहक्काच्या या अनन्य क्षणी रांगेतील प्रत्येक ग्राहक पंपाच्या बाजूचा होता. अखेर मॅनेजर आला, मोठ्या अदबीने माप आणले, शिक्का दाखवला, आणि काट्यावर ५.०० येताच माप रेषेवर अचूक भरले. मिलिलिटरचाही फरक नव्हता.

काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी निराशा पसरली, ती एखाद्या अपिलात हुजुरांचा निकाल फिरला असता तरी पसरली नसती. ‘बघितलंत ना काका? बरोबर आहे ना?’ असे मॅनेजरने विचारले. काकांनी मापाकडे पाहिले, शिक्क्याकडे पाहिले, मॅनेजरकडे पाहिले, आणि घरी येऊन वहीत शेरा लिहिला: ‘आपल्यासमोर बरोबर दिले. एरवीचे सांगता येत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून ते पूर्ववत पुलाजवळच्या पंपावर ११० रुपयांचे भरू लागले, पहाटे.

आपल्या पेट्रोलविषयक वर्तनाचे सार यात आले. जेथे भेद नाही तेथे तो आपण नाकाने हुंगून काढतो, जेथे आहे तेथे तो पाहण्याची साधने हात जोडून उभी असतात तरी आपण ती मागवत नाही, कारण मागे रांग असते आणि चारचौघांत संशय बोलून दाखवणे आपल्याला असभ्य वाटते. मनातल्या मनात आयुष्यभर बाळगणे तेवढे सभ्य वाटते. तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच, की पुढच्या खेपेस पंपावर गेलात की भोंग्यांची पर्वा न करता एक फिल्टर पेपर मागा, डेन्सिटीचा फलक वाचा, शंका असेल तर माप मागवा. तपासणीत खोट निघाली तर तक्रार-वहीत लिहा. आणि खोट निघाली नाही, तर ‘बरोबर आहे’ असे मोठ्याने म्हणून त्यावर विश्वास ठेवा. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक अवघड आहे.